कागदाच्या शेवटची खूण

जुन्नरच्या जुन्या एसटी स्टँडजवळ एक डीटीपीचं दुकान होतं. त्या दुकानात खिडकीकडच्या खुर्चीवर बसणारी मुलगी मी होते. येडगावहून नारायणगावला, तिथून गाडी बदलून जुन्नरला, असा रोजचा प्रवास. लग्नपत्रिका, दशक्रियेचे कागद, सोसायटीच्या नोटिसा, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे मजकूर, जे येईल ते मी टाइप करायचे. तालुक्यात माझ्याइतकं झपाट्यानं मराठी टाइप करणारं दुसरं कोणी नाही, असं मला वाटायचं. खरंही असेल, कारण तेव्हा तालुक्यात टाइप करणारी माणसंच चार-दोन होती.

चाचा पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा त्यांच्याबरोबर पारगावकडचे एक शेतकरी होते. शेतकऱ्याच्या हातात तांबड्या कापडात बांधलेला जुना कागद होता. मोडीतला. त्यांच्या पणजोबांच्या वाटणीचा. चाचा तो वाचणार आणि मी तो देवनागरीत टाइप करणार, असं काम होतं. चाचा म्हणजे जुन्या भूमापन कचेरीत आयुष्यभर नकला उतरवून निवृत्त झालेले एक कारकून. त्यांच्या घरात आजोबांपर्यंत हातकागद बनायचा. तो धंदा कधीच बंद पडला, पण कागद हातात घेतला की आधी त्याच्यावरून अंगठा फिरवायची सवय चाचांच्या हातात राहिली होती. माझ्या प्रिंटरच्या कागदावरून त्यांनी अंगठा फिरवला आणि तो बाजूला सारला. मला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

ते वाचत गेले, मी टाइप करत गेले. एक वाक्य संपलं असं वाटलं तिथं मी टिंब दिलं.

"ह्ये काय टाकलंस?" चाचा पडद्याकडे वाकून म्हणाले.

"पूर्णविराम."

"कागदात हाय का त्यो?"

मी कागदाकडे पाहिलं. कागदात टिंब नव्हतं. कागदात शब्दांच्या मधे जागासुद्धा नव्हती. मोडी लिहिणारे आधी पानभर आडव्या रेघा ओढून घेतात आणि मग दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी अक्षरं त्या रेघेला टांगतात. लेखणी उचलायची नाही. शब्द कुठं संपला हे लिहिणाऱ्याला माहीत आणि वाचणाऱ्याला माहीत.

"मग लोकांना कळणार कसं, चाचा?"

"इतकी वर्सं कळतच व्हतं की. आन् थांबे न्हाईत असं कोन म्हनलं? हायेत. तुला दिसंनात."

मग त्यांनी मला ते दाखवले. नाव आखडतं घेतलंय हे सांगणारे दोन दंड. राहून गेलेलं अक्षर आत घालायची, कावळ्याच्या पायासारखी खूण, म्हणजे काकपद. एका मजकुराचा दुसऱ्याशी संबंध नाही हे सांगणारी आडवी रेघ. आणि अगदी शेवटी, मजकूर संपल्यावर, उरलेल्या ओळीत कोणीतरी ओढलेली लांब नागमोडी रेघ. मी इतका वेळ तिला शाईचा ओघळ समजत होते.

"ही सगळ्यात म्हत्त्वाची," चाचा म्हणाले. "शेवटच्या वळीत मोकळी जागा ठिवायची न्हाई. मोकळी जागा दिसली की कोनीतरी पावना यिऊन बसतोय."

म्हणजे मागाहून कोणी दोन शब्द घुसडू नयेत म्हणून लिहिणारा ती जागा रेघेनं भरून टाकायचा. ज्याची त्याची भरायची तऱ्हा वेगळी. चाचांच्या घरातली तऱ्हा अशी होती: लांब रेघ, तिला तीन वेढे, आणि शेवटी खाली एक झटका. वडिलांनी त्यांना शिकवली, वडिलांना त्यांच्या वडिलांनी. कचेरीतल्या छापील फॉर्मांवर सही केल्यावरसुद्धा चाचा ती ओढायचे आणि साहेब लोक चिडायचे, असं ते मोठ्या आनंदानं सांगत.

त्या दिवसापासून मोडी कागद घेऊन कोणीही आलं की चाचा त्याला घेऊन माझ्याकडेच यायचे. दुसऱ्या दुकानात त्यांना खुर्ची देत, चहा देत. माझ्याकडे दुसरी खुर्चीही नव्हती, एक मोडका स्टूल होता. तरी ते माझ्याकडे यायचे, कारण मी वाद घालायचे. असं त्यांनीच एकदा दुकानाच्या मालकाला सांगितलं.

पुढे त्यांनी मला वही दाखवली. खाकी पुठ्ठ्याची, दोऱ्यानं शिवलेली जाड वही. तरुणपणापासून जिथं जिथं थांबण्याची खूण दिसली तिथून ती त्यांनी त्या वहीत उतरवली होती. मोडीतल्या तर होत्याच, पण त्याआधीच्या ब्राह्मीतल्याही. जुन्नर चहूबाजूंनी लेण्यांनी वेढलेलं. लेण्याद्रीला लोक गणपतीसाठी पायऱ्या चढतात. हा माणूस तिथं भिंतीला नाक लावून उभा राहायचा. मानमोडीच्या डोंगरावर, तुळजा लेण्यांत, जिथं लेख असेल तिथं. लेखाच्या आधी किंवा नंतर कोरलेलं स्वस्तिक, बैलाच्या खुराच्या ठशासारखी खूण, आडवी रेघ, कुठल्याशा जुन्या ग्रंथातून उतरवलेलं एवढंसं कमळ. प्रत्येकीखाली ती कुठं सापडली आणि तिथं वाचणाऱ्यानं किती थांबायचं, ते चाचांच्या बारीक अक्षरात.

"किती थांबायचं हे तुम्हाला कसं कळलं?"

"मी तितं हुबा राहून मोठ्यानं वाचून बघितलं," चाचा म्हणाले. "जितं दम लागतोय तितं खून हाय."

हे शास्त्र नव्हे, हे मला तेव्हाही कळत होतं. पण लेण्यात एकटा उभा राहून, हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाच्या श्वासाबरोबर आपला श्वास ताडून बघणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्या वहीचं पुस्तक करायचं ठरलं. ठरलं म्हणजे चाचांनी एक दिवस वही माझ्या की-बोर्डवर ठेवली आणि सांगितलं की पुण्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू म्हणून निदान केलंय. दोन्ही डोळे. बाजूनं अंधार सरकत आत येतोय. किती दिवस दिसेल ते डॉक्टर सांगत नव्हते.

"मला ह्ये छापल्यालं बघायचंय," ते म्हणाले. "सगळ्या खुना, जशा हायेत तशा. मागनं लोकांनी बघून मला काय उपेग?"

मी हो म्हणाले. आयुष्यात मी इतक्या सहज कशाला हो म्हटलेलं नाही.

अडचण अशी होती की संगणकाला तेव्हा मराठी येतच नव्हतं. आम्ही पडद्यावर जो 'क' बघायचो तो आतून इंग्रजीच असायचा. इंग्रजी अक्षराच्या जागेवर फॉन्ट बनवणाऱ्यानं आपल्या अक्षराचं चित्र बसवलेलं असायचं, एवढंच. यंत्राला वाटायचं ही बाई तासन्‌तास निरर्थक इंग्रजी बडवतेय. तो फॉन्ट यंत्रात असला तर लग्नपत्रिका, नसला तर नुसता कचरा. मोडीच्या आणि ब्राह्मीच्या खुणा तर कुठल्याच फॉन्टात नव्हत्या. म्हणून मी ठरवलं की मी स्वतःच एक फॉन्ट करीन. अक्षरं नेहमीच्या मराठी फॉन्टात, आणि खुणा माझ्या फॉन्टात.

दुपारी गिऱ्हाईक नसायचं तेव्हा हे काम चालायचं. वहीतली खूण स्कॅन करायची, माउसनं तिच्या कडेकडेनं जायचं, आणि ती एखाद्या इंग्रजी चिन्हाच्या जागेवर बसवायची. कमळ बसलं ईमेलच्या पत्त्यातल्या त्या गोल चिन्हाच्या जागी, बैलाचा खूर डॉलरच्या जागी, काकपद महिरपी कंसाच्या जागी. चाचा स्टुलावर बसून पडद्याला नाक लावायचे, लेण्यात लावत तसंच.

"वेढा ढिला पडलाय."

"चाचा, तुमच्या वहीतच ढिला आहे."

"वहीत हात हलला व्हता. तू कशाला हलवतीस?"

पुस्तकातला प्रत्येक पाठ जिच्यावर संपणार होता, ती त्यांच्या घराण्याची शेवटची रेघ मी टक्क्याच्या चिन्हाच्या जागी बसवली. तिनं मला रडवलं. तीन वेढे जमायचे, पण शेवटचा खालचा झटका माउसनं येईना. अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी चाचांनी पडद्याकडे पाहिलं, रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "अब्बांची वाटती." त्या दिवशी त्यांनी मालकासकट सगळ्यांना भजी खाऊ घातली.

पुस्तक टाइप होत असताना चाचांची नजर झपाट्यानं गेली. रस्त्यानं येताना ते भिंतीच्या कडेकडेनं यायला लागले. मग चाची, त्यांची बायको, त्यांना दुकानापर्यंत सोडायला लागली. त्याच सुमारास माझं लग्न ठरलं, पेठला. घरात याद्या, बस्ता, पाहुणे. मला दोन्हीकडून घाई झाली. चाचांचे डोळे थांबत नव्हते आणि माझी तारीखही. मी फाईल सीडीवर घालून पुण्याच्या एका छापखान्यात पाठवली. पंधरा दिवसांनी छापखान्याचा फोन आला, प्रूफ तयार आहे, बघून जा.

"छापा," मी सांगितलं. "मी तीन वेळा वाचलंय. त्यात चूक निघायची नाही."

पुस्तकांचं पार्सल एसटीनं आलं. मी स्टँडवरच, हमालाच्या गाड्यावर ठेवून, सुतळी तोडली. वरचं पुस्तक उघडलं. पहिल्या पाठाच्या शेवटी टक्क्याचं चिन्ह होतं.

मी दुसरा पाठ उघडला, तिसरा उघडला. सगळीकडे टक्के. कमळाच्या जागी ईमेलचं चिन्ह. लेण्याद्रीच्या लेखाच्या शेवटी डॉलर. अक्षरं सगळी जागच्या जागी, कारण तो मराठी फॉन्ट छापखान्याकडे होता. माझा फॉन्ट मी सीडीवर घातलाच नव्हता. 'फाईलसोबत फॉन्ट द्या' ही पाटी आमच्याच दुकानात माझ्याच डोक्यावर लावलेली होती. मी ती रोज गिऱ्हाइकांना वाचून दाखवायचे, वर थोडं हसायचेसुद्धा.

मी गाड्यावरच बसले. हमालानं विचारलं, "ताई, घरी कोनाचं काय झालं का?" मी म्हटलं, नाही, काही नाही.

पुन्हा छापण्याची चाचांची ऐपत नव्हती, माझीही नव्हती, आणि तेवढा वेळ त्यांच्या डोळ्यांना नव्हता. हे सगळं मी त्या स्टँडपासून त्यांच्या गल्लीपर्यंत चालताना स्वतःला पटवत गेले. चाचा अंगणात बाजेवर बसले होते. मी त्यांच्या हातात पुस्तक दिलं. त्यांनी आधी कव्हरवरून अंगठा फिरवला. मग पानं उलटली, शेवटचं पान डोळ्यांच्या अगदी जवळ नेलं, तिरकं धरलं.

"शेवटची खून बराबर आली का गं?" त्यांनी विचारलं.

"हो, चाचा," मी म्हणाले.

ते थोडा वेळ पान तसंच धरून राहिले. मग पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "चांगलं झालं. लई मेहनत घेतलीस पोरी." चाचीनं शिरखुर्मा केला होता, ईद नसताना. तो मी खाल्ला. कसा खाल्ला ते मला आज सांगता येणार नाही. एक प्रत त्यांनी मला दिली. ती पिशवीत घालून मी घरी आले आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिली.

आठवड्यानं त्यांचा निरोप आला. मालकानं सांगितला: तुझी प्रत घेऊन ये म्हणतात, तिच्यात थोडं काम आहे. मला वाटलं, कोणीतरी त्यांना सांगितलं. किंवा मला समोर बसवून एकेक खूण वर्णन करायला लावणार. मी म्हटलं, लग्नाच्या गडबडीत आहे, नंतर येते. लग्नात ते आले नाहीत, चाची आली. तिनंही जाताना कानात सांगितलं, "ती किताब तेवढी आणून दे. रोज इचारतात." मी हो म्हटलं. पुढे दिवाळीला माहेरी आले तेव्हा पुन्हा निरोप आला. येडगावहून जुन्नर किती लांब? धरणाच्या कडेनं नारायणगाव आणि तिथून अर्धा तास. मी गेले नाही. त्या वर्षी गेले नाही, पुढच्या वर्षी गेले नाही.

पेठला हायवेला लागून आमचं छोटं दुकान झालं, झेरॉक्स आणि संगणक. एका उन्हाळ्यात जुन्नरचे एक गिऱ्हाईक फॉर्म भरायला आले होते. बोलता बोलता म्हणाले की ते मोडीवाले चाचा मागच्या महिन्यात गेले. मी त्यांचा फॉर्म पूर्ण भरून दिला. त्यांचं आडनाव चुकीचं टाइप केलं हे दुसऱ्या दिवशी कळलं.

मग काही वर्षांनी संगणकाला मराठी आलं. खरोखरचं आलं. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा एक कायमचा आकडा द्यायचा, म्हणजे 'क' हा कुठल्याही यंत्रावर 'क'च राहील, कुठल्या इंग्रजी अक्षराचं सोंग घ्यायला नको, अशी ती पद्धत. दुकानात नेट आलं होतं. दुपारी गिऱ्हाईक नसताना मी वाचत बसायचे. असंच एकदा कळलं की ब्राह्मीलाही आकडे देण्याचं चाललंय आणि कोणी अभ्यासकांनी त्यासाठी थांब्यांच्या खुणांची यादी केलीय. ती यादी मी उघडली. दंड. दोन दंड. टिंब. आडवी रेघ. चंद्रकोरीसारखी एक. आणि शेवटी कमळ.

मी "चाचा, कमळ आलं!" असं मोठ्यानं म्हटलं. झेरॉक्स काढायला आलेला माणूस माझ्याकडे बघत राहिला.

ही बातमी ज्या एका माणसाला सांगण्यात अर्थ होता तो माणूस नव्हता. मोडीचाही प्रस्ताव तयार होतोय असं तिथंच वाचलं. म्हणजे आता जे लिहू ते कायम राहणार होतं, फॉन्ट हरवला तरी. मला वाटलं, पुस्तक पुन्हा करावं. नीट. प्रत्येक खूण तिच्या तिच्या आकड्यावर. त्यानं झालेलं निस्तरेल असं नाही, पण काहीतरी होईल. त्यासाठी वही हवी होती. म्हणून एवढ्या वर्षांनी मी चाचांच्या गल्लीत गेले.

चाची खूप म्हातारी झाली होती. तिनं मला आवाजावरून ओळखलं, मग जवळ ओढून चेहरा चाचपला. वहीचं विचारल्यावर म्हणाली, "वही नेली एका कालेजवाल्यानं. परत आणून देतो म्हनला व्हता. चार वर्सं झाली, आनतोयच."

मी डोक्याला हात लावला.

"वही कशाला पायजे?" चाची म्हणाली. "किताबीत हाय की सगळं."

"चाची, पुस्तकात…" मी म्हणाले, आणि मग इतक्या वर्षांनी ते बोलून टाकलं. "पुस्तकात सगळ्या खुणा चुकल्यात. मी चुकवल्या. आणि चाचांना खोटं सांगितलं."

चाची उठली. आतून एक प्रत आणून तिनं माझ्या हातात दिली. "बघ."

मी पहिला पाठ उघडला. शेवटी टक्क्याचं चिन्ह नव्हतं. तिथला कागद ब्लेडनं हलक्या हातानं खरवडलेला होता, आणि खरवडल्या जागेवर काळ्या शाईनं लांब रेघ, तीन वेढे, खाली झटका. रेघ ओळीवरून थोडी वर सरकली होती. लेण्याद्रीच्या लेखाखाली बैलाचा खूर, जरा तिरका. मग कमळ. एक पाकळी दुसरीवर चढलेली. पान उलटत गेले. एकही चुकीची खूण पुस्तकात नव्हती.

"त्यांना दिसलं होतं?"

"त्याच दिशी. शेवटचं पान उनात धरलं ना, तवाच. मधलं थोडं दिसायचं त्येंना, भर दुपारी. तू गेल्यावर मला म्हनले, पोरगी लई घाबरलीय, काय बोलू नगं."

मग चाचीनं सगळं सांगितलं. रोज दुपारी, ऊन डोक्यावर आलं की चाचा अंगणात बाज ओढायचे. चाची पान ताणून धरायची आणि चुकीच्या खुणेवर त्यांचं बोट टेकवायची. ते खरवडायचे, फुंकर मारायचे, आणि लेखणीनं काढायचे. पुढे मधलंही दिसेनासं झालं, तरी हात जायचा. दुरुस्त झाल्याशिवाय मग एकही प्रत त्यांनी घराबाहेर जाऊ दिली नाही. लोक पुस्तक मागायला यायचे, चाचा म्हणायचे, पंधरा दिवसांनी या. पारगावच्या त्या शेतकऱ्याला तर दोन महिने थांबवलं. शेवटची प्रत झाली तेव्हा त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं.

"तुझी तेवढी राह्यली म्हनायचे," चाची म्हणाली. "सगळ्यांच्या हातात बराबर किताब, आन् जिनं केली तिच्याच घरात चुकीची, ह्ये बरं न्हाई म्हनायचे. मी म्हनले, ती येत न्हाई आता. तर म्हनले, यील."

मी तिथं बसून रडले. आवाज करून रडले. त्यांच्या निरोपाची मला भीती वाटत होती आणि ते मला वाचवायला बोलावत होते. एसटीचा अर्धा तास. मला आजही नारायणगावहून जुन्नरची गाडी लागलेली दिसली की चढावंसं वाटतं, आता तिथं कोणी वाट बघत नाही हे माहीत असून.

चाचीनं ती प्रत मला नेऊ दिली. तिच्यावरून मी संगणकावर नव्यानं काम सुरू केलं. ज्यांचा आकडा ठरला होता किंवा ठरत होता त्या खुणा त्यांच्या त्यांच्या जागी गेल्या. चाचांच्या घराण्याच्या रेघेला मात्र आकडा नव्हता. मिळणारही नव्हता, कारण आकडे मिळतात ते पुष्कळांनी वापरलेल्या खुणांना. एका घरातले तीन पुरुष जी ओढत आले तिची नोंद कोण घेणार? त्या मोठ्या यादीत काही जागा मुद्दाम रिकाम्या सोडलेल्या असतात, ज्यानं त्यानं आपलं खासगी काही ठेवावं म्हणून. मी तिथं ती रेघ ठेवली. माझ्या पडद्यावर, माझाच फॉन्ट असल्यामुळे, ती सुरेख दिसली, झटक्यासकट. मी फाईल पारगावच्या एका शिक्षकांना पाठवली, त्यांना मोडीची आवड होती. त्यांचा फोन आला, "ताई, झकास झालंय. फक्त प्रत्येक पाठाच्या शेवटी रिकामा चौकोन दिसतोय बघा."

मला हसू आलं आणि त्यामागून लगेच दुसरं काहीतरी. इतका खटाटोप करून जगभरातल्या विद्वानांनी केलेली व्यवस्थाही शेवटी त्या एका जागेपाशी येऊन रिकामी राहत होती.

मग एका दुपारी साड्यांखालून माझी प्रत काढली आणि जुन्नरला गेले. ब्लेड, लेखणी, शाईची दौत चाचीकडे होतीच, तिनं फेकली नव्हती. आम्ही बाज अंगणात उन्हात ओढली. तिनं पान ताणून धरलं. तिची बोटं आपोआप योग्य जागी जात होती. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण प्रत्येक चुकीची खूण पानात कुठं आहे हे तिच्या हातांना पाठ होतं. मी खरवडलं, फुंकर मारली, काढलं. चाची मधून मधून म्हणायची, "जरा खाली. ते इतकं दाबत नव्हते." माझे वेढे ढिले पडत होते. पडू दिले.

सावली अंगणाच्या अर्ध्यावर आली तेव्हा आम्ही शेवटच्या पानावर पोचलो. पुस्तकाच्या शेवटच्या ओळीपुढचा शेवटचा टक्का. मी तो खरवडला. फुंकर मारली. लेखणी दौतीत बुडवली, तर चाचीनं माझं मनगट धरलं.

"ही राहू दे," ती म्हणाली. "ही त्येंच्या हातची. तुझ्या किताबीत त्येच काढनार व्हते."

मी लेखणी पुसून ठेवली. चाचीनं पुस्तकाचं ते पान उन्हात तसंच उघडं ठेवलं आणि आत चहा टाकायला गेली.

आता चाचीही नाही. पुस्तक माझ्या टेबलावर असतं. त्याच्या शेवटच्या ओळीपुढे बोटभर खरवडलेली, पांढरी, मोकळी जागा आहे. मोकळी जागा दिसली की कोणीतरी येऊन बसतं, असं चाचा म्हणायचे. मी ती भरत नाही.